वेळ, स्थळ आणि रीत : बर्कले येथील भाषणस्वातंत्र्याचा वाद (१९६४) आणि विद्यापीठीय नियमांचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात स्प्राउल हॉल ही इमारत आहे. १९६४ साली तेथे विद्यापीठाची प्रशासकीय कार्यालये होती. या इमारतीच्या पायऱ्यांना विद्यापीठाने १९९७ मध्ये मारिओ सॅव्हिओ यांचे नाव दिले. सॅव्हिओ हे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते. १९६४ मध्ये विद्यापीठाने त्यांना निलंबित केले होते. याच इमारतीत ठिय्या दिल्याबद्दल त्यांना अटक झाली होती आणि पुढे न्यायालयाने त्यांना १२० दिवसांच्या कैदेची शिक्षा सुनावली होती. ज्या विद्यार्थ्याला संस्थेने शासन केले त्याच्याच नावाने तिने आपल्या पायऱ्या ओळखाव्यात, ही घटना सामान्यतः भाषणस्वातंत्र्याच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. ती कथा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे.

प्रस्तुत लेखात १९६४ च्या या वादाचा विचार नेत्यांच्या किंवा भाषणांच्या अंगाने नव्हे, तर नियमांच्या अंगाने केला आहे. या वादात दोन प्रश्न गुंतलेले होते. पहिला प्रश्न असा की, विद्यार्थ्याने काय बोलावे हे सार्वजनिक विद्यापीठाने ठरवावे काय? दुसरा प्रश्न असा की, बोलण्याची वेळ, स्थळ आणि रीत यांचे नियम कोणी करावेत आणि नियमभंगाचा निवाडा कोणी करावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डिसेंबर १९६४ मध्ये मिळाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अध्यापकांनी दिले, पण नियामक मंडळाने ते स्वीकारले नाही. त्यानंतरच्या साठ वर्षांत बर्कलेमध्ये झालेले बहुतेक संघर्ष या दुसऱ्या, अनिर्णित राहिलेल्या प्रश्नातून उद्भवले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पारिभाषिक संज्ञांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ ही अनेक आवारांची मिळून बनलेली संस्था होय. तिचा सर्वोच्च अधिकार ‘रीजंट्स’ या नियामक मंडळाकडे असून राज्याचा गव्हर्नर हा त्या मंडळाचा पदसिद्ध सदस्य असतो. संपूर्ण विद्यापीठाच्या प्रमुखास ‘अध्यक्ष’ आणि एकेका आवाराच्या प्रमुखास ‘चॅन्सेलर’ म्हणतात. म्हणजे तेथील चॅन्सेलर हे आपल्याकडील कुलपती नव्हेत. ‘अ‍ॅकॅडेमिक सिनेट’ ही अध्यापकांची सभा असून तिचा उल्लेख पुढे ‘अध्यापक सभा’ असा केला आहे.

१. तटस्थतेचा नियम

कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्थापना १८६८ मध्ये झाली. राज्याच्या १८७९ च्या संविधानाने विद्यापीठाला सार्वजनिक न्यासाचा दर्जा दिला आणि ते राजकीय व सांप्रदायिक प्रभावापासून मुक्त राहावे, असे नमूद केले. या तरतुदीचा हेतू विद्यापीठाला सत्ताधाऱ्यांच्या हस्तक्षेपापासून वाचविणे हा होता. तथापि १९३० च्या दशकात अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल यांच्या काळात तिचा वेगळाच अर्थ रूढ झाला. विद्यापीठ राजकारणापासून अलिप्त राहावयाचे तर त्याच्या आवारातही राजकारण नको, असा तो अर्थ होता. संस्थेवर घातलेले बंधन संस्थेतील माणसांवर उतरले. राजकीय व धार्मिक प्रचारासाठी विद्यापीठाच्या जागा वापरण्यावर निर्बंध घालणारा नियम याच काळात झाला. त्याची कडकपणे अंमलबजावणी होत असल्याने १९५६ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणाऱ्या अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनाही बर्कलेच्या विद्यार्थ्यांपुढे आवाराबाहेरच्या रस्त्यावरून बोलावे लागले.

तटस्थतेची झळ अध्यापकांनाही बसली होती. १९४९ मध्ये नियामक मंडळाने प्रत्येक अध्यापकाकडून साम्यवादविरोधी निष्ठेची शपथ मागितली. शपथेवर सही करण्यास नकार देणाऱ्या ३१ अध्यापकांना ऑगस्ट १९५० मध्ये बडतर्फ करण्यात आले. त्यांत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन आणि मध्ययुगाचे इतिहासकार अर्न्स्ट कांटोरोविच हे होते. पुढे १९७५ मध्ये ज्यांची विद्यापीठाच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली ते पदार्थवैज्ञानिक डेव्हिड सॅक्सन हेही त्यांच्यातच होते. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या अध्यापकांना परत घेण्याचा आदेश दिला. परंतु तो आदेश भाषणस्वातंत्र्याच्या तत्त्वावर आधारलेला नव्हता. शपथेचा विषय राज्याच्या कायद्याने व्यापलेला असल्याने नियामक मंडळास वेगळी शपथ घेता येत नाही, एवढाच त्याचा आधार होता. बहुसंख्य अध्यापकांनी सह्या करून नोकरी राखली होती. आपल्या सहकाऱ्यांना आपण वाचवू शकलो नाही, ही सल बर्कलेच्या अध्यापकवर्गात राहिली. १९६४ मधील अध्यापकांची भूमिका समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

१९५८ मध्ये क्लार्क केर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. केर हे अर्थशास्त्रज्ञ असून कामगार व मालक यांच्यातील तंटे सोडविण्याचा त्यांना अनुभव होता. ते संकुचित वृत्तीचे प्रशासक नव्हते. साम्यवादी वक्त्यांना आवारात बोलण्यास असलेली बंदी त्यांच्याच कारकिर्दीत, १९६३ मध्ये, उठली. त्याच वर्षी हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी आधुनिक विद्यापीठाचे वर्णन अनेक समूहांचे व अनेक हितसंबंधांचे ‘बहुविद्यापीठ’ असे केले. मात्र विद्यार्थी वक्त्याचे भाषण ऐकू शकत असला, तरी ते ऐकून त्याने आवारात काही संघटित करावे, वर्गणी जमवावी किंवा कार्यकर्ते नोंदवावेत, हे नियमांना मान्य नव्हते. ऐकण्याचे स्वातंत्र्य होते. उभे करण्याचे नव्हते.

२. सव्वीस फुटांची पट्टी

आवारात बंदी असल्याने विद्यार्थ्यांचे राजकारण आवाराच्या हद्दीवर चालत असे. पूर्वी ही हद्द सॅदर गेट या कमानीपाशी होती. विद्यापीठाचा विस्तार होऊन कमानीबाहेरचा रस्ता आवारात आला, तेव्हा टेबले व पत्रके घेऊन विद्यार्थी पुढे सरकले आणि बॅन्क्रॉफ्ट व टेलिग्राफ या दोन रस्त्यांच्या नाक्यावर येऊन थांबले. तेथे सुमारे २६ फूट रुंदीचा विटांचा पदपथ होता. तो नगरपालिकेचा आहे, असा सर्वांचा समज होता. विद्यार्थी टेबल लावण्यासाठी नगरपालिकेचा परवाना घेत असत. वस्तुतः ती पट्टी विद्यापीठाच्या मालकीची होती. ती नगरपालिकेस देण्याचे नियामक मंडळाने १९५९ मध्ये मान्य केले होते. पण हस्तांतर प्रत्यक्षात झालेच नाही. अशा रीतीने एका अपुऱ्या राहिलेल्या कार्यालयीन कामावर विद्यार्थ्यांचे भाषणस्वातंत्र्य पाच वर्षे उभे होते.

१४ सप्टेंबर १९६४ रोजी विद्यार्थी अधिष्ठाता कॅथरिन टोल यांनी विद्यार्थी संघटनांना पत्र पाठवून कळविले की, २१ सप्टेंबरपासून या पट्टीवरही विद्यापीठाचे नियम लागू होतील. प्रारंभी वर्दळीस होणारा अडथळा हे कारण पुढे करण्यात आले. विद्यार्थ्यांनी वर्दळीची व्यवस्था स्वतः पाहण्याची तयारी दर्शविल्यावर राजकीय तटस्थतेचे कारण पुढे आले. त्यानंतर टेबलांना परवानगी मिळाली. मात्र तेथे केवळ माहिती द्यावी, पुरस्कार करू नये, अशी अट होती. माहिती कोठे संपते आणि पुरस्कार कोठे सुरू होतो, हे कोणासच सांगता येईना. शिवाय नोव्हेंबरमध्ये मतदानास येणाऱ्या रोख्यांच्या एका प्रस्तावाला पाठिंबा मिळावा म्हणून विद्यापीठ स्वतः प्रयत्नशील होते, हे विद्यार्थ्यांनी निदर्शनास आणले. दोन आठवड्यांत नियमाचे कारण आणि स्वरूप अनेकदा बदलले. नियमाची कठोरता विद्यार्थ्यांना सहन झाली असती. त्याची अस्थिरता त्यांना सहन झाली नाही.

या नियमाविरुद्ध सुमारे वीस संघटनांची एक आघाडी स्थापन झाली. तीत समाजवादी होते, नागरी हक्कांसाठी झटणारे होते. तसेच रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांचे समर्थक विद्यार्थीही होते. म्हणजे आरंभी तरी हा वाद डाव्यांचा व उजव्यांचा नव्हता. ३० सप्टेंबर रोजी टेबले लावल्याबद्दल पाच विद्यार्थ्यांना अधिष्ठात्यांच्या कार्यालयात बोलावण्यात आले, तेव्हा आपणही तोच नियम मोडला आहे असे लेखी निवेदन देत शेकडो विद्यार्थी त्यांच्याबरोबर गेले. प्रशासनाने त्या पाच जणांना आणि तीन पुढाऱ्यांना, असे एकूण आठ विद्यार्थ्यांना निलंबित केले. अनेकांनी केलेल्या कृतीसाठी मोजक्यांना शिक्षा, हा या वादातील दुसरा दोष ठरला.

१ ऑक्टोबर रोजी दुपारी स्प्राउल हॉलसमोरील चौकात नागरी हक्क संघटनेच्या टेबलाशी बसलेले जॅक वाइनबर्ग यांना पोलिसांनी अटक केली. त्यांना नेण्यासाठी आलेल्या मोटारीभोवती विद्यार्थी बसले आणि ती मोटार सुमारे ३२ तास जागची हलू शकली नाही. सॅव्हिओ यांच्यासह अनेक वक्ते पायांतील बूट काढून मोटारीच्या टपावर चढले आणि तेथून बोलले. २ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी केर आणि विद्यार्थी यांच्यात करार झाला. निलंबनाचा विषय अध्यापक सभेच्या विद्यार्थी-वर्तन समितीकडे सोपवावा, असे त्यात ठरले. नंतर लक्षात आले की, अशी समितीच अस्तित्वात नव्हती. होती ती चॅन्सेलरांनी नेमलेली समिती. हा तपशील किरकोळ वाटेल. परंतु निवाडा करणारी यंत्रणा कोणाची, याविषयी विद्यापीठातच किती संदिग्धता होती, हे त्यावरून दिसते. पुढे अध्यापक सभेने कायद्याचे प्राध्यापक आयरा मायकेल हेमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने निलंबनाच्या पद्धतीवर टीका केली आणि आठपैकी सहा विद्यार्थ्यांचे निलंबन उठविण्याची शिफारस केली. हेच हेमन पुढे १९८० ते १९९० या काळात बर्कलेचे चॅन्सेलर होते.

३. ‘आवाराबाहेरील बेकायदा कृती’

नोव्हेंबरपर्यंत वादाचा केंद्रबिंदू स्पष्ट झाला. २० नोव्हेंबर रोजी नियामक मंडळाने ठराव केला. ठराविक जागी, नियमांच्या अधीन राहून, आवाराबाहेरील कायदेशीर कृतीसाठी विद्यार्थ्यांनी निधी जमवावा व कार्यकर्ते नोंदवावेत, यास त्याने परवानगी दिली. बेकायदा कृतीसाठी मात्र नाही. वरवर पाहता ही भूमिका समंजस वाटते. बेकायदा कृतीची तयारी विद्यापीठात का होऊ द्यावी?

या प्रश्नाचे उत्तर त्या काळाच्या संदर्भात शोधावे लागते. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहात बसणे हीच बेकायदा कृती होती. बर्कलेच्या अनेक विद्यार्थ्यांनी नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला होता. मार्च १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरटन पॅलेस हॉटेलात, नोकरभरतीतील वर्णभेदाविरुद्ध, मोठा ठिय्या झाला होता. तेथे अटक झालेल्यांत सॅव्हिओ होते. त्याच उन्हाळ्यात ते मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मतदारांच्या नोंदणीचे काम करून परतले होते. त्यांच्या दृष्टीने बेकायदा कृतीवरील बंदी म्हणजे सविनय कायदेभंगावरील बंदी होती.

येथे आपल्या प्रदेशाशी जोडलेला एक धागा नोंदविणे योग्य ठरेल. अमेरिकन विद्यार्थ्यांना अहिंसक ठिय्याचे शिक्षण देणाऱ्यांत जेम्स लॉसन अग्रभागी होते. १९५३ ते १९५६ या काळात ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात कार्यरत होते आणि तेथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. परतल्यावर टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. १९६० मध्ये तेथे उपाहारगृहांतील ठिय्यांची मालिका सुरू झाली. त्याबद्दल व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये लॉसन यांनाच काढून टाकले. आवाराबाहेरच्या कृतीबद्दल आवारात शिक्षा, हा प्रश्न म्हणजे बर्कलेच्या आधी चार वर्षे दक्षिणेत उपस्थित झाला होता. व्हँडरबिल्ट ही खाजगी संस्था होती. परंतु त्याच वर्षी अलाबामा राज्यातील एका सरकारी महाविद्यालयानेही ठिय्यात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांना काढले. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा राज्य शिक्षण मंडळ’ या खटल्यात १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सार्वजनिक महाविद्यालयास आरोपाची नोटीस दिल्याशिवाय व म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय विद्यार्थ्यास काढता येणार नाही. संस्था ही विद्यार्थ्याची पालक, आणि पालकाने दिलेल्या शिक्षेवर दाद नाही, या जुन्या कल्पनेला या निर्णयाने धक्का दिला.

म्हणून बर्कलेच्या विद्यार्थ्यांचे म्हणणे असे होते की, आवाराबाहेर कायदा मोडला तर न्यायालय शिक्षा करील व ती आम्ही भोगू. विद्यापीठाने दुसरे न्यायालय होऊ नये. तसेच एखादे भाषण बेकायदा कृतीस कारण ठरेल की नाही, याचा निर्णय भाषणापूर्वी अधिष्ठात्याने करू नये. ही भूमिका अनिर्बंध स्वातंत्र्याची नव्हती. ती निवाड्याच्या अधिकाराविषयीची होती.

४. अध्यापकांचा ठराव

नोव्हेंबरच्या अखेरीस वाद शमण्याची चिन्हे दिसत होती. अशा वेळी प्रशासनाने ऑक्टोबरमधील कृत्यांबद्दल सॅव्हिओ व इतर काही पुढाऱ्यांवर नव्याने कारवाई सुरू केली. या निर्णयाने विझत आलेल्या आगीत तेल ओतले. २ डिसेंबर रोजी एक हजाराहून अधिक विद्यार्थी स्प्राउल हॉलमध्ये शिरले. त्यापूर्वी केलेल्या भाषणात सॅव्हिओ यांनी विद्यापीठाला यंत्राची उपमा दिली आणि ते असह्य होते तेव्हा आपली शरीरे त्याच्या चाकांवर टाकून ते थांबवावे लागते, अशा आशयाचे आवाहन केले. गव्हर्नर एडमंड ब्राउन यांच्या आदेशाने ३ डिसेंबरच्या पहाटेपासून अटकसत्र चालले आणि सुमारे ८०० जणांना पकडण्यात आले. शिकविण्याचे काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संप पुकारला. वर्ग ओस पडले.

आतापर्यंत अध्यापकवर्ग बव्हंशी मध्यस्थाच्या किंवा प्रेक्षकाच्या भूमिकेत होता. आवारात शेकडो पोलीस शिरलेले पाहिल्यावर ही भूमिका टिकली नाही. ७ डिसेंबर रोजी ग्रीक थिएटर या खुल्या रंगमंदिरात केर यांनी विभागप्रमुखांनी तयार केलेली तडजोड जाहीर केली. सभा संपताच बोलण्यासाठी ध्वनिक्षेपकाकडे गेलेल्या सॅव्हिओ यांना हजारो विद्यार्थ्यांदेखत पोलिसांनी खेचून नेले. ज्या वादाचा विषयच बोलण्याचा हक्क होता त्या वादातील हे दृश्य अनेक काठावरच्या अध्यापकांना निर्णयाप्रत घेऊन गेले.

८ डिसेंबर १९६४ रोजी व्हीलर हॉलमध्ये अध्यापक सभा भरली. बाहेर विद्यार्थी ध्वनिक्षेपकावरून चर्चा ऐकत होते. सभेपुढील ठरावाचा गाभा चार मुद्द्यांत सांगता येईल. एक, या दिवसापर्यंतच्या राजकीय कृत्यांबद्दल विद्यापीठाने कारवाई करू नये. दोन, आवारातील राजकीय कार्याची वेळ, स्थळ व रीत यांवर, विद्यापीठाचे नित्य काम अडू नये एवढ्यापुरते, वाजवी नियमन असावे. तीन, भाषणाच्या वा पुरस्काराच्या आशयावर विद्यापीठाने निर्बंध घालू नयेत आणि आवाराबाहेरील राजकीय कार्य विद्यापीठाच्या नियमांच्या कक्षेबाहेर असावे. चार, राजकीय कार्यासंबंधीच्या शिस्तीचा निवाडा अध्यापक सभेने नेमलेल्या व तिला जबाबदार असलेल्या समितीने करावा.

सभेत गंभीर आक्षेपही आले. समाजशास्त्र व तत्त्वज्ञान यांचे अभ्यासक ल्यूइस फॉयर यांनी दुरुस्ती सुचविली की, हिंसेच्या तत्काळ कृतीस चिथावणी देणाऱ्या भाषणास हे संरक्षण नसावे. ही सूचना पोकळ नव्हती. उद्या वंशद्वेषी टोळीने आवारात हल्ल्याचा कट रचला तर विद्यापीठ हतबल ठरेल काय, ही तिच्यामागील चिंता होती. विरोधकांचे म्हणणे असे की, चिथावणीसाठी देशाचा कायदा आहे. तो अधिकार प्रशासनाकडे दिला की, तोच पुन्हा ‘बेकायदा कृती’च्या नावाने परत येईल. दुरुस्ती ७३७ विरुद्ध २८४ मतांनी फेटाळली गेली आणि मूळ ठराव ८२४ विरुद्ध ११५ मतांनी संमत झाला. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या अध्यापकांना वाट करून देत विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजविल्या. १९५० मध्ये आपल्या ३१ सहकाऱ्यांसाठी जे करता आले नाही ते या सभेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

५. अर्धा निर्णय

ठराव अध्यापकांचा होता. अधिकार नियामक मंडळाचा. १८ डिसेंबर रोजी मंडळाने जाहीर केले की, अमेरिकन संविधानाच्या पहिल्या व चौदाव्या दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे पुरस्काराच्या वा भाषणाच्या आशयावर निर्बंध घालण्याचा आपला विचार नाही. म्हणजे आशयाचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या बाजूने सुटला. परंतु त्याच बैठकीत मंडळाने शिस्तीचा अंतिम अधिकार आपलाच असून तो वाटाघाटीचा विषय नाही, असेही स्पष्ट केले. अध्यापकांच्या ठरावातील चौथा मुद्दा तेथेच संपला. जानेवारी १९६५ मध्ये चॅन्सेलर एडवर्ड स्ट्राँग यांच्या जागी मार्टिन मेयरसन हंगामी चॅन्सेलर म्हणून आले. त्यांनी स्प्राउल हॉलच्या पायऱ्या दुपारच्या सभांसाठी खुल्या केल्या. दुसरीकडे, अटक झालेल्यांवरील खटले चालले आणि बहुतेकांना शिक्षा झाल्या. आशयाची बाजू विद्यार्थ्यांनी जिंकली. रीतीची बाजू ते न्यायालयात हरले.

राजकीय पातळीवरही प्रतिक्रिया उमटली. १९६६ च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी बर्कलेमधील बेशिस्त हा प्रचाराचा मुद्दा केला आणि ते गव्हर्नर झाले. २० जानेवारी १९६७ रोजी नियामक मंडळाने केर यांना पदावरून दूर केले. विद्यार्थ्यांना ते कठोर वाटले होते. मंडळाला ते सौम्य वाटले. विद्यापीठाचा प्रशासक दोन्ही बाजूंना अप्रिय होऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

त्यानंतरच्या दशकांत न्यायालयांनी आशय व रीत यांतील भेद अधिक घट्ट केला. हा भेद बर्कलेच्या अध्यापकांनी शोधला नव्हता. मिरवणुकांच्या परवान्याविषयीच्या ‘कॉक्स विरुद्ध न्यू हॅम्पशायर’ या १९४१ च्या निर्णयात तो आढळतो. अध्यापकांनी तो विद्यापीठात आणला. १९७२ मध्ये ‘हीली विरुद्ध जेम्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मते पसंत नाहीत म्हणून सरकारी महाविद्यालयास विद्यार्थी संघटनेची मान्यता नाकारता येत नाही. १९८१ मध्ये ‘विडमार विरुद्ध व्हिन्सेंट’ या खटल्यात, इतर संघटनांना दिलेली जागा धार्मिक संघटनेस नाकारणे अवैध ठरले. मात्र १९८४ मध्ये वॉशिंग्टनमधील उद्यानात तंबू ठोकून झोपण्याच्या निदर्शनास मनाई करणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. आशय न पाहता सर्वांना सारखा लागू होणारा रीतीचा नियम टिकतो, हा त्याचा अर्थ. हा निर्णय विद्यापीठाविषयी नव्हता. पण विद्यापीठांतील नियमांचे भवितव्य त्यात दिसत होते.

६. उत्तरकाल : रीतीचे राजकारण

१९६४ नंतर बर्कलेमधील संघर्ष मुख्यतः रीतीभोवती फिरत राहिले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या विरोधात १९८५ मध्ये विद्यार्थ्यांनी स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवर दीर्घकाळ ठिय्या दिला आणि १९८६ मध्ये आवारात झोपड्या उभारल्या. त्या पोलिसांनी हटविल्या. ‘झोपडी हे भाषण की अतिक्रमण?’ हा प्रश्न होता. जुलै १९८६ मध्ये नियामक मंडळाने दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतील गुंतवणूक काढून घेण्याचा निर्णय केला. झोपड्या नियमबाह्य ठरल्या. त्यांची मागणी मान्य झाली.

२०१७ मध्ये प्रश्न उलट बाजूने आला. १ फेब्रुवारी रोजी उजव्या विचारांचे वक्ते मायलो यानोपोलस यांचा कार्यक्रम हिंसाचारामुळे रद्द करावा लागला. सप्टेंबरमध्ये बेन शापिरो यांचे भाषण मात्र पार पडले. त्याच्या बंदोबस्तासाठी सुमारे सहा लाख डॉलर खर्च झाले. येथे विद्यापीठ आशयावर बंदी घालीत नव्हते. पण जमाव भाषण थांबवू पाहत होता आणि ते होऊ देण्याचा खर्च विद्यापीठावर पडत होता. १९६४ च्या सूत्रात या खर्चाचा विचार नव्हता.

२०२४ मध्ये गाझातील युद्धाच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी त्याच पायऱ्यांसमोर एप्रिलमध्ये तंबू ठोकले. चॅन्सेलर कॅरल क्राइस्ट यांनी वाटाघाटी केल्या आणि मेच्या मध्यास छावणी उठली. त्याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील आवारात मात्र छावणीवर बाहेरच्या जमावाने हल्ला केला आणि नंतर पोलिसांनी ती मोडून दोनशेहून अधिक जणांना अटक केली. नियामक मंडळ एक, विद्यापीठ एक. परंतु परिणाम भिन्न. ऑगस्ट २०२४ मध्ये अध्यक्ष मायकेल ड्रेक यांनी सर्व आवारांना छावण्या, रस्ते अडविणे व ओळख लपविण्यासाठी मुखवटे वापरणे यांवरील बंदीची एकसारखी अंमलबजावणी करण्यास सांगितले. हे सर्व नियम वेळ, स्थळ व रीत यांचे आहेत. त्यांत कोणत्याही मताचे नाव नाही. तरीही ते एका विशिष्ट मताच्या निदर्शनांनंतर आले, ही वस्तुस्थिती उरतेच. नियमाची भाषा तटस्थ असली तरी त्याचा प्रसंग तटस्थ नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, संस्थेची तटस्थता आणि संस्थेतील व्यक्तींचे मौन या दोन भिन्न गोष्टी आहेत. बर्कलेच्या प्रशासनाने त्यांची सरमिसळ केली आणि संस्थेच्या स्वातंत्र्यासाठी केलेली तरतूद विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरली.

दोन, १९६४ च्या वादास नियमाच्या आशयाइतकीच त्याच्या निर्मितीची पद्धत कारणीभूत होती. सल्लामसलतीविना काढलेले पत्र, दर आठवड्यास बदलणारी कारणे, शेकडोंपैकी आठांना शिक्षा, अस्तित्वात नसलेली समिती आणि शमत आलेल्या वादात नव्याने काढलेले जुने आरोप, ही मालिका पाहता नियम कठोर असण्यापेक्षा तो मनमानी असणे अधिक घातक ठरते, हे स्पष्ट होते.

तीन, आशय व रीत यांतील भेद आवश्यक आहे. ज्या आवारात वर्ग भरतात तेथे कोणीही, केव्हाही, कोठेही ध्वनिक्षेपक लावावा, असे म्हणता येणार नाही. परंतु हा भेद पुरेसा नाही. ‘वाजवी’ या शब्दात सारा अधिकार साठलेला असतो. भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या कलमातील ‘वाजवी निर्बंध’ या शब्दप्रयोगाशी परिचित असलेल्या वाचकास हे वेगळे सांगावयास नको. वाजवी काय, हे ठरविणारा जर तक्रारदारच असेल तर शब्द निरर्थक होतो. बर्कलेच्या अध्यापकांनी आपल्या चौथ्या मुद्द्यात नेमके हेच ओळखले होते आणि नेमका तोच मुद्दा मान्य झाला नाही.

चार, अध्यापकांची भूमिका निर्णायक ठरली; पण ती उशिरा आली. १४ सप्टेंबरचे पत्र आणि ८ डिसेंबरचा ठराव यांत बारा आठवड्यांचे अंतर आहे. या काळात आठ विद्यार्थी निलंबित झाले आणि सुमारे ८०० जणांना अटक झाली. ८२४ मते सप्टेंबरमध्येही त्याच आवारात होती. ती एकत्र मोजली गेली नव्हती, इतकेच.

शिस्तीचे नियम आपणांपैकी बहुतेकांच्या हाती प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापून येतात आणि आपण ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवितो. ते कोणी केले, कोणाला विचारून केले आणि ते मोडले तर कोण ऐकून घेणार, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बर्कलेचा इतिहास सांगतो की, हे प्रश्न वाद पेटल्यानंतर विचारण्याचे नसून नियम छापण्यापूर्वी विचारण्याचे आहेत आणि ते विचारण्याचे पहिले दायित्व विद्यार्थ्यांचे नसून अध्यापकांचे आहे.